शेडवरची पाटी उतरली, आता मी कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चोपन्न वर्षांचे, बेळगावचेच. उद्यमबागेत बावीस वर्षं स्वतःचं मशीन शॉप, फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं आणि टर्निंग-ड्रिलिंग करून द्यायचं, जॉबवर्क. चौदा कामगार होते. दोन पार्ट्यांकडे पैसे अडकले, लोन थकलं, शेवटी मशीनं विकून शेड सोडली. आता भावाच्या दुकानात बसतात. ते लिहितात, "गल्लीत सगळे मला मालक म्हणायचे. आता नावानं हाक मारतात, काहीजण मारतच नाहीत. मंडळाच्या गणपतीची पहिली आरती माझी असायची. पैसा आणि मान काढून घेतला तर मी म्हणून काही उरतच नाही असं वाटतं. खरा मी कोण हे शोधायचं कसं? आणि यंदा गणपतीला जाऊ की नको?"

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी सव्वीस वर्षं काउन्सेलिंग करतोय, बहुतेक सगळं टिळकवाडीत, मधे काही वर्षं आठवड्यातून एकदा खानापूरला जायचो. "मी कोण" हा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आधी तीन अगदी रुक्ष प्रश्न विचारतो आणि समोरचा जरा नाराजच होतो, कारण त्याला वाटतं आता काहीतरी खोल बोलणं होईल. झोप किती लागते? जेवण जातं काय? संध्याकाळी 'थोडी' घ्यायची सवय वाढलीय काय? हे विचारायचं कारण असं की डिप्रेशन पुष्कळदा तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलतं. पहाटे तीनला जाग येते, छातीवर कुणीतरी वीट ठेवल्यासारखं वाटतं आणि डोक्यात चालू होतं की मी कोणीच नाही, माझा काही उपयोग नाही. माणसाला वाटतं हा आत्मशोध. तो आजार असू शकतो, आणि आजाराला औषध असतं. दोन आठवडे रोज असंच चाललं असेल तर माझं हे लांबलचक उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्याला धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं हॉस्पिटल, जवळ आहे, सरकारी आहे. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी डोकावला असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, नंबर लावा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण उचलतात, मराठीत बोला नाहीतर कन्नडमध्ये बोला. यात लाज कसली, ताप आला तर जातोच की.

दुसरं, पैशाबद्दल. "पैसा म्हणजे सर्वस्व नाही" हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातल्या बहुतेकांच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या होत्या. ज्याचं लोन थकलंय त्याला हे ऐकवणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे फायदे सांगणं. तेव्हा किती द्यायचं, कुणाला, कधीपर्यंत, हे एका कागदावर लिहा आणि बायकोसमोर बसून लिहा, एकट्यानं नाही. माझा अनुभव असा की घरच्यांना आकडा माहीत नसतो पण चेहरा रोज दिसत असतो, आणि मग ते मनातल्या मनात खऱ्यापेक्षा मोठा आकडा धरून बसलेले असतात. कागदावर आला की तो निदान आकडा होतो, तोवर तो भूत असतो.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणता पैसा आणि मान गेला. मला वाटतं तुमचं गेलंय त्याहून जास्त, आणि त्यातलं निम्मं तुम्ही मोजलेलंच नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या जवळ मारिएन्थाल नावाचं छोटं गाव आहे, सगळं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. आपल्या शहापूर-वडगाव-खासबागेत मागावर जगणारी गल्ली असते ना तसंच, फक्त माग घरात नव्हते, गिरणीत होते. १९३० च्या सुमाराला ती गिरणी बंद पडली. मग मारी याहोडा ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सोबतच्या काही संशोधकांनी तिथं जाऊन बारीकसारीक नोंदी केल्या. लोकांना आता वेळच वेळ होता, तरी गावच्या लायब्ररीतून जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्यानं चालणारे पुरुष हळू झाले, मधेच उगीच थांबायला लागले. बरेचजण घड्याळ लावेनासे झाले. बायका मात्र भरभर चालत होत्या कारण घरी चूल होती, पोरं होती, त्यांचं काम काही बंद पडलं नव्हतं. याहोडानं पुढं यावर बरंच काम केलं आणि सांगितलं की नोकरी-धंदा पगाराशिवाय अजून पाच गोष्टी गुपचूप देत असतो: दिवसाला बांधणी, घराबाहेरची माणसं, आपण मिळून काहीतरी करतोय ही भावना, समाजात एक जागा, आणि हातपाय हलवायला कारण.

बघा की, पाचात 'जागा' एकच आहे. तुम्ही तेवढ्या एकाच गोष्टीला धरून रडताय. सकाळी साडेआठला शेडचं शटर वर करायचा आवाज, कुलंटचा वास, चहावाल्या पोराला "आज चौदा नको, बारा आण, दोघं रजेवर आहेत" म्हणणं, हे पण गेलं. त्याचं दुःख वेगळं आहे, ते मानाचं दुःख नाही, आणि ते दुःख झालं म्हणून तुम्ही मानाला हपापलेले ठरत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या प्रश्नात एक शरम दिसते, जणू 'मालक' म्हणवून घ्यायला आवडायचं हा काही गुन्हा होता. आवडतं. सगळ्यांना आवडतं.

माझंच सांगतो. काउन्सेलिंगबरोबर मी एका कॉलेजमध्ये शिकवायचो, शेवटची सात वर्षं डिपार्टमेंटचा हेड होतो. रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या सोमवारी एक पुस्तक विसरलं म्हणून गेलो तर दारावरची माझ्या नावाची पाटी काढून झालेली, चार स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती, आणि शिपाई म्हणाला, "सर, पाटी घेऊन जाताय काय, नाहीतर भंगारात जाईल." मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की पद म्हणजे आपण नव्हे, आणि त्या चार भोकांकडे बघून माझ्या घशात काय आलं ते माझं मला माहीत. पाटी घेऊन आलो. अजून माळ्यावर आहे. बायको दर दिवाळीला विचारते टाकूया काय, मी म्हणतो राहू दे.

तर एक साधी गोष्ट करा. वही घ्या, एक ते वीस आकडे घाला आणि प्रत्येक ओळ "मी" नं सुरू करून "मी कोण" याचं उत्तर लिहा. ही काही माझी युक्ती नाही, मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलँड या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये हीच चाचणी वापरली होती, वीस ओळी आणि बारा मिनिटं. त्यांना दिसलं की माणसं आधी जगाला माहीत असलेली उत्तरं लिहितात, मी अमुकचा मुलगा, मी इंजिनिअर, मी या धर्माचा, आणि तो साठा संपला की मग दुसरी उत्तरं यायला लागतात, मी चिडका आहे, मला गर्दी आवडत नाही, असली. माझ्याकडे येणाऱ्यांचं पण तसंच होतं. पहिल्या सात-आठ ओळी धाडधाड येतात, दहाव्याला पेन थांबतं, बाराव्याला माणूस छताकडे बघतो, आणि माझ्या मते खरी वही तिथून सुरू होते. एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी चौदाव्या ओळीला लिहिलं होतं, "मी ट्रकच्या मागचं वाचत वाचत गाडी चालवतो." आम्ही दोघं हसलो. पण मग अर्धा तास त्यावरच बोलणं झालं, लहानपणी त्यांना पाट्या रंगवायच्या होत्या, अक्षर सुंदर होतं, वडिलांनी खतावणीला बसवलं.

मी बारा मिनिटांचा हट्ट धरत नाही, दोन दिवस घ्या. फक्त एक करा, ज्या ओळी "होतो" नं संपतात त्यांच्याखाली रेघ मारा. मी मालक होतो, मी अध्यक्ष होतो. पुसायचं नाही, रेघ मारायची. त्यातली एकेक घेऊन विचारायचं की यातलं खुर्चीचं काय होतं आणि माझं काय होतं. 'मालक' मध्ये चेकवर सही करणं खुर्चीचं होतं. पण चौदा जणांत कुणाच्या घरी आजारपण आहे हे न सांगता कळायचं, ते कुणाचं? ते शेडबरोबर विकलं गेलं काय? आणि उलटंही तपासा, प्रामाणिकपणे. माणसांवर ओरडायचात ते खुर्चीचं होतं की तुमचं? खरा मी शोधायला निघालेल्यांना तो चांगलाच निघेल अशी खात्री असते. तसं काही नसतं हो.

हा कागद बायकांना दिला की वेगळंच होतं. वडगावच्या एक बाई, साठीच्या, नवऱ्याचे बारा यंत्रमाग होते ते विकले गेले म्हणून नवरा खचला, त्याला घेऊन यायच्या. एके दिवशी तो आत डोळे पुसत बसलेला आणि बाहेर बाकावर ह्या, म्हणून त्यांनाही वही दिली. सहा ओळी लिहून थांबल्या. अमक्याची आई, अमक्याची बायको, सून, जाऊ, आजी, आणि सहावी, "मी आता काय लिहू." त्यांना विचारलं, तुम्हाला शेवटचं नावानं कुणी हाक मारली? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, कुठलं नाव? कारण लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवीन नाव लिहिलं होतं, ते गेली चाळीस वर्षं रेशनकार्डावर आहे, आणि माहेरचं नाव मारणारी शेवटची बहीण तीन वर्षांमागं गेली. आत नवरा 'माझी ओळख गेली' म्हणून रडतोय आणि बाहेर ही बाई, जिची ओळख एका संध्याकाळी ताटात पुसली गेली आणि तिला कुणी काउन्सेलरकडे नेलं नाही, उलट वाजंत्री लावली. हे मी तुम्हाला कमी लेखायला सांगत नाही. पण घरी एकदा विचारून बघा, तुमच्या बायकोला माहेरी काय म्हणायचे. मालकाची मालकीणबाई पण रिटायर झाल्यात, त्यांना कुणी विचारलेलं नसणार.

आणि नावं बदलण्याबद्दल आपल्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज आहे काय? आमची आजी येळ्ळूरकडची. जन्मली तेव्हा मुंबई इलाखा. मग झालं मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्य. १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक. घर तेच, परसातला फणस तोच, राज्यं चार. ती असती तर २०१४ मध्ये बेळगावच्या नावाची पाटी 'बेळगावी' अशी बदललेली पण बघितली असती. तिला आम्ही पोरं चिडवायचो, आजी तू नक्की कुठली गं, तर म्हणायची, "भात कापायला या, मग सांगतो कुठली ते." (आमच्याकडे बायका असंच 'सांगतो, जातो' बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांना गंमत वाटते.) कोल्हापूरला गेलो की आपण कर्नाटकातले, बेंगळुरूला गेलो की महाराष्ट्राकडचे, ऑफिसात फॉर्म कन्नडमध्ये, घरी भांडण मराठीत, बाजारात जे पटकन तोंडात येईल त्यात. भाषेचं आणि सीमेचं दुखणं खरं आहे, त्यावर मी इथं बोलत नाही, तो वेगळा विषय. मला एवढंच म्हणायचंय की बाहेरून लावलेली पाटी एक आणि आत चाललेलं जगणं दुसरं, ह्याची सवय तुम्हाला जन्मापासून आहे. फक्त 'मालक' ही पाटी तुम्हाला आवडती होती म्हणून ती पाटी आहे हे लक्षात आलं नाही.

आता काही जण तुम्हाला लगेच अध्यात्माकडे ढकलतील. मी त्याच्या विरोधात नाही, मी स्वतः बसतो रोज थोडा वेळ. "मी हे शरीर नाही, मी हे मन नाही" असं एकेक सोलत जाणं हा आपल्याकडचा जुना रस्ता आहे आणि ज्यांना तो जमला त्यांना जमला. पण कर्जात बुडालेला माणूस पहाटे तीनला हे एकट्यानं करायला लागला की "मी हे नाही, ते नाही" चं "मी काहीच नाही" कधी होतं ते त्याला कळत नाही. ऐकायला एकसारखं, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यानं माणूस हलका होतो, दुसऱ्यानं तो विहिरीकडे बघायला लागतो. म्हणून तो रस्ता धरायचाच असेल तर कुणाच्या तरी सोबतीनं, आणि झोप-जेवण ठिकाणावर आल्यावर.

शिवाय त्यात अजून एक खाच आहे. विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी तुम्हाला माहीतच असणार, २ जानेवारी २०२३ ला गेले. सदऱ्याला खिसा नसायचा. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तर नम्रपणे नको म्हणाले. माझ्यामागं समाधी नको, स्मारक नको, दहन करा, हे आधीच लिहून ठेवलं होतं. मला ह्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण ते गेल्यावर खिसा नसलेला सदरा शिवून घेतलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत, दोघांच्या गळ्यात मोबाईलची वेगळी पिशवी असते, आणि त्यातला एक तर साधेपणात दुसऱ्यापेक्षा आपण किती पुढं आहोत हे सांगत फिरतो. साधेपणाचंही पद होतं. त्यागाचंही. "मी सगळं सोडलं" म्हणणाऱ्याच्या गळ्यात सोडलेल्याची यादी लटकत असते. तुम्ही आता "मी मालक होतो" सोडून "मी बुडालेला मालक" ही नवी पाटी लावून बसलाय असं मला तुमच्या लिहिण्यातून वाटतंय, राग मानू नका. त्या पाटीलाही चहा मिळतो, सहानुभूती मिळते, आणि ती सुटत नाही.

मग खरा मी कुठं सापडतो? सापडतो हा शब्दच मला पटत नाही. आत कुठंतरी पुरलेला हंडा आहे आणि खणलं की मिळेल, असं नसतं. मी जे बघितलंय ते असं की माणूस स्वतःकडे बघायचं विसरतो तेव्हा तो दिसतो, पण इतरांना, त्याला नाही. एक गोष्ट सांगतो, त्यांच्या परवानगीनं आणि दोन-चार तपशील बदलून.

तुमच्यासारखेच एकजण, त्यांची स्वतःची फाउंड्री होती, गेली. चौथ्यांदा आले तेव्हाही तेच चाललं होतं, मी संपलो, मला कोण विचारतंय. माझ्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून मी जुनं पाच किलोचं लोखंडी वजन लावून ठेवतो, बाजारातल्या तराजूचं, वर कडी असलेलं. बोलता बोलता त्यांनी खाली वाकून ते उचललं, कडीला धरून लोंबतं सोडलं, खिशातली किल्ली काढली आणि हळूच मारली. टण्ण. आवाज बराच वेळ राहिला. मान तिरकी करून ऐकलं, वजन फिरवून दुसऱ्या बाजूला मारलं आणि म्हणाले, "कुठं चीर नाही. चीर असली तर बद्द वाजतं. चांगल्या हाताचं ओतकाम आहे, कुठनं आणलाय?" मी म्हटलं हे आवाजावरून कळतं काय, आणि मग गाडी सुटली. मोल्डिंगच्या, म्हणजे ओतकामाचा साचा करायच्या, वाळूला पाणी किती हवं ते कसं बघायचं, मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची, बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत, मग तो गोळा मधून मोडायचा, कडा स्वच्छ तुटल्या तर वाळू बरोबर, भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर ओली, आणि ओल्यात लोखंड ओतलं की वाफ होऊन आत भोकं पडतात. पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्या वेळात एकदाही "मी बुडालो" आलं नाही.

विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, गोकाककडचा एक मिस्त्री होता, कन्नड, मी सोळा वर्षांचा असताना त्याच्या हाताखाली होतो, वाळू चुकली की डोक्यात टपली मारायचा आणि "तम्मा, कैयाग नोडो" म्हणायचा, धाकल्या, हातात बघ रे. म्हटलं, म्हणजे मालक व्हायच्या आधी तुम्ही 'तम्मा' होता. ते वजन मांडीवर घेऊन तसेच बसले. मग खाली ठेवलं, पण दारापाशी नाही, आपल्या पायाजवळ. जाताना मला ते उचलून परत दाराला लावावं लागलं.

इथं थांबलो तर गोष्ट छान वाटेल, पण पुढचंही सांगायला पाहिजे. त्यांनी ओळखीतल्या एका वर्कशॉपमध्ये आयटीआयच्या दोन पोरांना शिकवायला घेतलं, सहा महिने केलं, मग तिथल्या सुपरवायझरशी वाजलं आणि सोडलं. आता शेतावर जातात. मधून परत खचतात. कौशल्य म्हणजेच 'खरा मी' असंही मी म्हणत नाही, कारण उद्या हात थरथरायला लागले तर? दृष्टी गेली तर? माझ्या मते त्या दिवशी जे दिसलं ते ओतकामाचं ज्ञान नव्हतं, एखादी वस्तू हातात आली की ती आधी तपासायची, ऐकायची, मग बोलायचं, हे त्यांचं वळण होतं. ते फाउंड्रीच्या आधी होतं, फाउंड्रीत होतं, आता भाताच्या तरव्यात पण आहे, बी मुठीत घेऊन तसंच बघतात म्हणे. हे वळण तुमचं काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही बसल्या जागी आठवून सापडणार नाही. तुमच्या जुन्या चौदातल्या एकाला विचारा. मालक म्हणून काय होतो असं नाही, "मी कसा होतो रे" असं. उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा.

त्यातच हेही होईल, हाक मारणारे वेगळे होतील. 'मालक' म्हणणाऱ्यांत तीन जातीचे लोक असतात: काम मिळावं म्हणून म्हणणारे, सगळे म्हणतात म्हणून म्हणणारे, आणि थोडे जे मायेनं म्हणतात. पहिले गेले, ते जाणारच होते, त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, तो व्यवहार होता आणि तुम्हीही कुणाला तरी तसंच 'साहेब' म्हणतच होता की. दुसऱ्यांना काय म्हणावं तेच कळत नाहीये, म्हणून ते तुम्हाला बघून मोबाईल काढतात, त्यांना अवघडल्यासारखं झालंय, त्यांनी तुम्हाला टाकलेलं नाही. त्यांच्याशी आधी तुम्हीच बोला, नावानं हाक मारू दे, नाव काय वाईट आहे.

भावाच्या दुकानाबद्दल एक सूचना आहे. आमच्याकडे एक रिटायर्ड सुभेदार यायचे, मराठा लाईट इन्फंट्रीतले. पेन्शन होती पण मुलीच्या लग्नाला पैसा हवा म्हणून एटीएमवर गार्ड झाले. पहिले महिनाभर ड्युटीला जाताना वरून जाकीट घालायचे, गावातल्या कुणाला गार्डचा युनिफॉर्म दिसू नये म्हणून. त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो रँक नसलेल्या खांद्याचा. मग एकदा पैसे काढायला आलेल्या एका म्हातारीला मशीन कसं चालवायचं दाखवत असताना जाकीट गरम होतंय म्हणून काढून खुर्चीवर टाकलं आणि विसरले. एवढंच. कुठला साक्षात्कार झाला नाही, गरम झालं. तुम्ही भावाच्या दुकानात 'बसता' असं लिहिलंय. बसू नका. गल्ला भावाकडे राहू दे, तुम्ही एक काम अंगावर घ्या, माल मोजून घ्यायचा, बिलं लावायची, काहीही, पण ते चुकलं तर तुम्हाला विचारलं जाईल असं. पाहुण्यासारखं बसलेल्या माणसाला आपण कोण हा प्रश्न पडणारच, कारण त्या दुकानात तो खरंच कोणी नसतो.

राहिला गणपती. जा. घरी बसलात तर दहा दिवस लाऊडस्पीकर ऐकत बसाल आणि प्रत्येक आरतीला मनात पहिली आरती कुणाची ते मोजाल. पण पहिल्या दिवशी आरतीच्या वेळेला जाऊ नका, तेव्हा सगळ्यांच्या नजरा ताटाकडे आणि मग तुमच्याकडे. आदल्या रात्री जा, मंडपाचं काम चालू असतं तेव्हा. पोरं "या मालक, बसा" म्हणून खुर्ची देतील, नाहीतर कुणी कन्नड पोरगा "बर्री सावकार्रे, कुंड्री" म्हणेल, म्हणू दे, पण बसू नका. बावीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला मंडपाचा एक तरी बोल्ट ढिला दिसेलच, पाना मागून घ्या.

आणि विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत जाताना ट्रॉलीच्या पुढं बांबू घेऊन वरच्या केबली उचलणारा एकजण लागतो, उंच मूर्ती असली की लागतोच. पोरं ते काम टाळतात कारण नाचता येत नाही. ते मागून घ्या. सगळी गल्ली मूर्तीकडे बघत असते, बांबूवाल्याकडे कुणी बघत नाही, आणि त्याला मात्र पुढची केबल, मागची मूर्ती आणि पायातलं पोर तिन्ही बघायला लागतं. बांबू वाळलेला घ्या, ओला नको, टोकाला आडवी पट्टी बांधा म्हणजे केबल घसरत नाही, आणि लाईटच्या तारेला मात्र हात लावू नका, ते काम हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, माणसाचं.